चाकण रस्त्यावरचा मिसरचा राजा

ज्योतीराम पेंटरच्या उजव्या हाताचा अंगठा मुळापासून वाकडा आहे. नवीन माणूस हमखास विचारतो, "कंपनीत प्रेसखाली गेला का?" आमच्या कारखान्यांच्या पट्ट्यात बोट मोडायला प्रेसच लागते असा समज आहे, आणि तो काही अगदीच खोटा नाही. ज्योतीराम म्हणतो, "न्हाई, राजानं मोडला." एवढं बोलून तो ब्रश पुसत बसतो आणि विचारणारा माझ्याकडं बघतो. पुढचं मग मलाच सांगावं लागतं. मला सांगायला आवडतं हेही खरं. आज ते लिहूनच ठेवतो.

चाकणहून तळेगावला जाणाऱ्या रस्त्यावर आमची वाडी. शेतं कंपन्यांखाली गेली, रस्त्याकडेची एक चिंधी तेवढी राहिली, तिच्यावर मी पत्र्याच्या शेड टाकल्या. त्यातल्या एकीत ज्योतीराम राहायला आला तो परभणीकडून, बायको दुर्गाबाई आणि खांद्यावर झोपलेला बंटी घेऊन. दुकानांच्या पाट्या, ट्रकच्या मागच्या फळ्या, कंपनीच्या भिंतीवर 'सुरक्षा प्रथम' हे त्याचं काम. ट्रकच्या फळीवर तो वाघ असा काढायचा की मागचा ड्रायव्हर अंतर राखून चालवायचा. मग फ्लेक्स आले. फ्लेक्सनी पेंटर लोकांचे गळे कापले, फक्त रक्त न सांडता. ज्योतीराम कंपनीच्या पेंट शॉपमध्ये बंपरवर फवारे मारायला लागला, आणि सुट्टीच्या दिवशी घरी कॅनव्हासवर तेलरंगात काहीबाही काढत बसायचा. म्हैस, दुर्गाबाई, मी.

एकदा त्याला भंगारात एक परदेशी कॅलेंडर सापडलं. सगळी चित्रं मिसर देशातली, म्हणजे इजिप्तची. एका पानावर राजा उभा. त्याचा एक हात वर, हातात गदेसारखं काहीतरी. दुसऱ्या मुठीत शत्रूंच्या केसांची जुडी, आणि शत्रू गुडघ्यांवर, माना वाकलेल्या. तोंडं सगळी एका बाजूनं काढलेली, डोळा मात्र समोरून. राजाच्या मागं एक टिचभर माणूस, हातात राजाचे जोडे धरून.

"आबा, ह्याचं तोंड बगा," ज्योतीराम मला म्हणाला. "मानसं मारायलाय, पन चेहरा कसा? जसं देवाला फूल वाहायलाय."

मला आमचा चुलता भिमाजी आठवला. पाटाच्या पाण्यावरून भांडण झालं तेव्हा त्यानं दोघांच्या शेंड्या अशाच एका मुठीत धरून त्यांची डोकी एकमेकांवर नारळासारखी आपटली होती. फरक इतकाच की तिसरा त्याच्या पोटरीला चावला आणि मांसाचा लचका घेऊनच सुटला. त्या पोटरीला चुलता मरेपर्यंत खड्डा होता. उन्हाळ्यात माशा बसायच्या. मिसरच्या राजाला असं कुणी चावलेलं चित्रात दिसत नाही. चित्र काढणारा त्याच्याच पगारावर असणार.

ज्योतीरामला त्या रंगांचं वेड लागलं. माझी नात मैत्री हिंजवडीला नोकरीला, तिनं मोबाइलवर वाचून सांगितलं की तांबडा म्हणजे आपली काव, पिवळा म्हणजे हरताळ, काळा म्हणजे काजळी, आणि निळा त्यांनी भट्टीत भाजून बनवला होता. झालं. ज्योतीराम पेंट शॉपमधून आला की टेकडीकडं जायचा. जेसीबीनं टेकडी जिथं फाडली होती तिथून तांबडी माती आणायचा, धुवायचा, गाळायचा आणि जवसाच्या तेलात घोटायचा. घोटायला बंटी. बंटी तेव्हा शाळेत होता. बसायचा मांडी घालून आणि दगडावर दगड फिरवत राहायचा, लोणी होईपर्यंत. असं घोटणारा हात मी दुसरा पाहिला नाही.

हरताळ पुण्यातून काष्ठौषधीच्या दुकानातून आणला. ते जहाल विष. आमचे गुरुजी सांगायचे की जुन्या पोथ्यांत चूक झाली की त्यावर हरताळ फासत. आमच्या चुकांवर मात्र ते निरगुडीची छडी वापरत, तिचे वळ हरताळापेक्षा जास्त टिकत. तर हा पठ्ठ्या ते विष दुर्गाबाईच्या पाट्यावर वाटायला बसला. दुर्गाबाईनं वरवंटा उचलून त्याच्याच अंगावर फेकला. त्यानं मान चुकवली नसती तर ही गोष्ट इथंच संपली असती. वरवंटा पत्र्यातून आरपार माझ्या कोंबड्यांत पडला.

"आमाला मारायलाच निगालाव, तर सरळ गळा दाबा की," ती म्हणाली. "चटनीत कामून कालवायलाव?"

निळ्या रंगाला तांब्याचा कीस, वाळू, शिंपल्याचा चुना आणि पापडखार लागतो. तिचा पापडखारही गेला. भोसरीच्या एका वर्कशॉपात रोहिदास भट्टी चालवायचा, त्यानं हे सगळं मातीच्या मुशीत घालून भट्टीत सरकवलं. पहिल्या खेपेला मूस बॉम्बसारखी फुटली. लालभडक खडा रोहिदासच्या कानाजवळून गेला आणि कानाची पाळी बाळीसकट घेऊन गेला. दुसऱ्या खेपेला निळा निघाला, मोराच्या मानेसारखा. रोहिदास अजून लोकांना कान दाखवतो आणि म्हणतो, "ह्या पाळीच्या बदल्यात आलाय रंग."

असे हे आनंदाचे दिवस चालले होते, आणि बंटी मोठा झाला.

आयटीआय अर्धं सोडून तो मालोजीकडं लागला. मालोजी आमच्याच भावकीतला. लहानपणी माझ्या चिंचेवरून पडला होता, मीच त्याला उचलून आणलं होतं. आता सगळे त्याला भाऊ म्हणतात. कंपन्यांचं भंगार, लेबर, पाण्याचे टँकर, सगळं त्याच्या हातात. हातात कसं येतं? दुसऱ्याचे हात मोडले की येतं. कोयता हा उसाचा. आमच्याकडं ऊस राहिला नाही, कोयते मात्र वाढले. मालोजीची पोरं ट्रेलर अडवत, काचा फोडत. एका ड्रायव्हरला त्यांनी गेटवर इतकं मारलं की त्याचा डोळा गालावर लोंबत होता, आणि तो एका हातानं डोळा आणि दुसऱ्या हातानं कागद सांभाळत होता. त्या टोळीतलं एक पोरगं पुलाखाली चिरलेलं सापडलं, एक तुरुंगात गेलं. त्यांच्या जागेवर बंटी उभा राहिला.

दुर्गाबाई देवापुढं बसून एकच म्हणायची, "मला माजं लेकरू घरी पायजे. बाकी काय नगं." ज्योतीरामलाही तेवढंच हवं होतं. तो बंटीला समजवायला गेला, मी बरोबर होतो.

बंटी म्हणाला, "पप्पा, भाऊच्या गाडीत पुढं कोण बसतं? मी. राइट हँड आहे मी भाऊचा. तुमचा राइट हँड काय करतो? बंपर पुसतो."

ज्योतीरामनं मुस्काटात दिली. बंटीनं त्याला असा ढकलला की तो रंगाच्या डब्यांवर जाऊन पडला आणि डोकं फुटलं. कावेत रक्त मिसळलं. कुठं रक्त आणि कुठं काव ते डॉक्टरलाही धुतल्याशिवाय कळलं नाही. बंटी गेला तो टोळीच्या खोलीवरच राहायला लागला.

पुढं एका दुपारी मालोजीची काळी गाडी शेडसमोर थांबली. पुढच्या सीटवरून बंटी उतरला, धावत मागं गेला, दार उघडलं, आणि भाऊ बाहेर आले.

"बंट्या, पाणी आण गार," मालोजी म्हणाला. टपरी रस्त्याच्या पलीकडं आणि ट्रेलरची रांग लागलेली. बंटी गेला तो बराच वेळ अडकला.

"पेंटर, वाढदिवस हाय आपला," मालोजी बसत म्हणाला. "फ्लेक्स लागत्यातच चौकाचौकात. पन फ्लेक्स लोकं फाडत्यात, फाटल्याल्या तोंडावर कुत्री झोपत्यात. मला टिकाऊ पायजे. ह्यो भिंतीवरच्या कॅलेंडरात कोन?"

"मिसरचा राजा, भाऊ."

"किती टिकलाय?"

"हजारो वर्सं."

"मग असाच काढ मला. मूठ, केसं, सगळं. तोंड माझं."

मैत्री त्या दिवशी घरून काम करत होती, ती गंमत बघायला आली. तिनं मोबाइलवर आणखी चित्रं दाखवली. एका दगडी राजाला नाकच नव्हतं.

"ह्याचं नाक कुटं गेलं, ताई?" मालोजीनं विचारलं.

"शत्रूंनी फोडलं, काका. त्यांची समजूत होती की मूर्तीत, चित्रात माणूस राहतो. नाक फोडलं की त्याचा श्वास बंद. म्हणजे माणूस संपला."

मालोजीनं स्वतःच्या नाकाला हात लावला. "आपल्यातबी भंगल्याली मूर्ती घरात ठेवत न्हाईत. व्हय ना आबा?"

"न्हाई ठेवत," मी म्हणालो. "पान्यात सोडायची."

मग ज्योतीरामनं भिंतीला ताणलेला कोरा कॅनव्हास दाखवला, पुरुषभर उंचीचा, आणि म्हणाला, "भाऊ, ह्यांचा एक नेम हाय. जवळचा मोटा, लांबचा लहान, असं ह्यांच्यात न्हाई. राजाला जो जेवडा मोटा वाटतो, तेवडाच मोटा काडायचा. आता तुमाला तुमची मानसं केवडी, ते मी कसं ठरवू? तुमीच मापं द्या." त्यानं खडू पुढं केला.

मालोजी एवढा खूश झालेला मी तो चिंचेवर असतानाही पाहिला नव्हता. उठून स्वतः खुणा करायला लागला. "मी हितनं हितवर. भाचा माज्या खांद्यापतूर. वकील साहेब छातीपतूर, ते कोर्टात लागत्यात. बाकी पोरं कंबरंला."

"आन बंटी?" ज्योतीरामनं विचारलं.

मालोजीनं विचारसुद्धा केला नाही. वाकला आणि गुडघ्याशी रेघ मारली. मग कॅलेंडरकडं बघून हसला. "त्यो बग, ह्याच्या मागं जोडंवाला हाय की. माजं कोल्हापुरी दे बंट्याच्या हातात."

ज्योतीराम त्या रेघेकडं बघत राहिला. तेवढ्यात बंटी पाण्याची बाटली घेऊन आला, आणि ज्योतीरामनं कॅनव्हासवर चादर ओढली.

गाडी गेल्यावर मी म्हणालो, "आरं, पोरगं बगंल तर उचकंल. रेघ जरा वर सरकव. माल्याला कुटं कळतंय."

"आबा, रेघ त्यांची हाय," ज्योतीराम म्हणाला. "म्या फकस्त रंग भरनार."

वाढदिवसाला अजून कित्येक महिने होते; कंपनीची शिफ्ट सोडली तर त्यानं तोवर दुसरं काही केलं नाही. मालोजीचं अंग कावेचं, तांबडंबुंद. गळ्यातल्या साखळ्या हरताळाच्या, उन्हात सोन्यासारख्या चमकायच्या. मुकुट रोहिदासच्या कानाचा निळा. मुठीत केस असे ताणलेले की बघणाऱ्याच्या डोक्याला ठणका लागावा. एका शत्रूची कवटी फुटून काजळीवर कावेचा ओघळ उतरला होता. आणि मागं, गुडघ्याएवढा बंटी. तो त्यानं सगळ्यात जीव लावून काढला. भुवईवरचा लहानपणीचा व्रणसुद्धा.

वाढदिवस भर दुपारी, मालोजीच्या प्लॉटवर मांडवात. डीजे असा की माझ्या कवळीला मुंग्या आल्या. केकची रांग टेबलभर, आणि कापायला कोयता. मालोजीनं एका दमात सगळी रांग कापत नेली, क्रीम उडालं, पोरांनी शिट्ट्या मारल्या. पहिल्या रांगेत त्याची म्हातारी आई खुर्चीवर बसली होती. मग चादर ओढली.

मागची माणसं खुर्च्यांवर चढून बघायला लागली. खरं सांगतो, त्या चित्रापुढं बाकीचे फ्लेक्स जाहिरातीच्या कागदासारखे दिसायला लागले. मग टाळ्या, आरोळ्या. मालोजीचा भाचा पुढं येऊन चित्रातली माणसं ओळखायला लागला.

"ह्यो मी, खांद्याला. ह्ये वकील साहेब. आन ह्ये खाली कोन रं? जोडं घेऊन?" तो वाकला. "आयला, बंट्या."

"पॉलिश पन करतो का रे, राइट हँड?" मागून कुणीतरी म्हणालं. सगळा मांडव हसला.

बंटीचा चेहरा चुन्यासारखा झाला. "पप्पा, हे तुम्ही काढलं?"

"हाव."

"मला इतकुसा?"

"माप भाऊंनी दिलं, लेकरा. त्यांच्या हातानं. इचार त्यांना."

बंटीनं मालोजीकडं बघितलं. "भाऊ?"

मालोजीच्या गालावर क्रीम होतं, तो मजेत होता. "मग काय डोक्यावर बसवू का तुला? झ्याक दिसतंय की. जोडं बग कसं काढल्यात, करकर ऐकू येती."

बंटीनं केकमधला कोयता उचलला. मला वाटलं, बापावर जातो. भाच्याला वाटलं, भाऊवर जातो, म्हणून तो आधी मागं सरला. बंटी चित्रावर गेला. पहिला वार बसला तो राजाच्या नाकावर, कॅनव्हास टर्रकन फाटला. दुसरा वार केस धरलेल्या मुठीवर. तिसरा मारायच्या आत पोरांनी त्याला खाली घेतलं.

मारामाऱ्या मी पुष्कळ पाहिल्या आहेत, पण वाढदिवसाच्या टोप्या घातलेल्या पोरांना माणूस मारताना तेव्हाच पाहिलं. भाच्यानं खुर्ची मोडून तिचा पाय त्याच्या जबड्यावर घातला. दात क्रीममध्ये पडले. एकजण छातीवर नाचत होता, बरगडी मोडल्याचा आवाज डीजेतूनही ऐकू आला. बंटीच्या तोंडातून आवाजाऐवजी लाल फेस येत होता. "बाजूला व्हा," मालोजी ओरडला. त्यानं बंटीचे केस डाव्या मुठीत धरले, त्याला गुडघ्यांवर आणला, आणि उजव्या हातात मांडवाचा पाइप वर उचलला.

मागं चित्र उभं होतं आणि पुढं तेच चाललं होतं. फरक चेहऱ्याचा. मिसरचा राजा फूल वाहत होता, आमच्या राजाच्या तोंडाला फेस आला होता.

पाइप खाली आला आणि ज्योतीरामनं हात मध्ये घातला. अंगठा उसाचं कांडं मोडावं तसा मोडला. त्यानं त्याच हातानं पाइप धरून ठेवला.

"भाऊ," तो म्हणाला, "मागं बगा."

मालोजीनं मागं बघितलं. राजाचं नाक चिंधी होऊन लोंबत होतं आणि त्या भोकातून मांडवामागचं ऊन आत येत होतं. कुणीतरी डीजे बंद केला. मालोजीची म्हातारी आई खुर्चीतून म्हणाली, "भंगलं रं. वाढदिवसाच्याच दिशी भंगलं."

मालोजीचा हात स्वतःच्या नाकाकडं गेला. छाती वरखाली व्हायला लागली. भरल्या मांडवात तो तोंडानं श्वास घेत होता.

"बुजवता येतंय का?" त्यानं विचारलं. आवाज इतका बारीक की मला पुढं सरकावं लागलं.

"येतंय."

"मग बुजव."

ज्योतीरामनं आपला हात वर धरला. अंगठा मनगटाकडं तोंड करून लोंबत होता. "ह्या हातानं एकट्याला व्हायचं न्हाई, भाऊ. रंग घोटाया मानूस लागंल, आन माज्याबिगर ह्ये रंग एकट्या बंटीलाच घोटाया येत्यात. पोरगं द्या. नाक देतो."

मालोजीनं मूठ उघडली. बंटीचे केस त्याच्या बोटांना क्रीमनं चिकटून राहिले, ते त्यानं पँटला पुसले.

आम्ही बापलेकांना आणि त्या चित्राला एकाच टेम्पोत घालून आणलं. पोलिसात कुणी गेलं नाही. बंटीचा जबडा तारेनं बांधला, दुर्गाबाई त्याला नळीनं पेज पाजायची आणि पाजता पाजता शिव्या द्यायची. त्याला उत्तर देता येत नव्हतं, हे तिच्या पथ्यावर पडलं. उठून बसता यायला लागल्यावर तो एक दिवस आपणहून दगडापाशी सरकला आणि कावेची पुडी सोडली.

आता तेलरंगाचं असं आहे की एक थर वाळल्याशिवाय दुसरा देता येत नाही. आधी मागून कापड चिकटवायचं, मग चुना-सरसाचं अस्तर, मग पातळ हात, मग जाड हात. जवसाचं तेल सावकाश वाळतं. हे मालोजीला कोण समजावणार? तो भाच्याला पाठवतो.

"झालं का नाक?"

"वाळायलंय," ज्योतीराम म्हणतो.

भाचा बोट लावतो, बोट तांबडं होतं, तो परत जातो. मुठीवरचा वार ज्योतीरामनं केव्हाच बुजवला, तो खडखडीत वाळलाही. मूठ वाळली आणि नाक का वाळत नाही, हे विचारायचं त्या टोळीत कुणाला अजून सुचलेलं नाही. मालोजी स्वतः येत नाही. हल्ली तो नाकाला रुमाल बांधून फिरतो आणि म्हणतो, रस्त्यावर धूळ फार. भांडणात पुढं होत नाही. नाक पुरं होईपर्यंत जपायला त्याच्या आईनं सांगितलंय म्हणे.

परवा मी त्यांच्याकडं चहाला बसलो होतो. ज्योतीराम नाइट शिफ्ट करून आलेला, भिंतीला टेकून झोपला होता. त्याचा वाकडा अंगठा छातीवर होता. दुर्गाबाई पापड लाटत होती. बंटी निळा घोटत होता. ट्रेलरच्या गोंगाटातून त्याला आधी ऐकू आलं, मला नाही. काळ्या गाडीचा हॉर्न. मी ज्योतीरामला हलवायला हात पुढं केला.

"झोपू द्या, आबा," बंटी म्हणाला.

तो उठला, चित्राचं तोंड भिंतीकडून वळवलं, ब्रश कावेत बुडवला आणि राजाच्या नाकावर ओला जाड थर दिला. मग ब्रश पुसला आणि दगडापाशी जाऊन परत घोटायला बसला. भाचा आत आला, बोट लावलं, बोटाकडं बघितलं, दाराच्या पत्र्याला पुसलं आणि गेला.

त्या पत्र्यावर तांबड्या बोटांची आता चांगली रांग झाली आहे. दुर्गाबाई ती पुसू देत नाही.